एकूण सदस्य

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी उघडीप मिळाली. आठ-नऊ दिवस सलग कोसळल्यावर पाऊस असा मध्येच दम खातो, आणि मग आमच्याकडे घराघरांत एकच धांदल उडते. दमट गोधड्या पडवीच्या दांडीवर येतात, पाणी सुटलेली मिठाची बरणी चुलीजवळ सरकते, पापडांचे डबे उघडून नाकाशी धरले जातात. आईनं मला माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढायला लावली. त्या पेटीत आमच्या घराचं सगळं दफ्तर असतं. सातबाऱ्याचे उतारे, घरपट्टीच्या पावत्या, माझ्या गुणपत्रिका, आप्पांचं गिरणीतलं ओळखपत्र, बहिणीच्या लग्नातली आहेराची वही. झाकण उघडलं की डांबरगोळी आणि बुरशी यांचा मिळून एक वास येतो. मस्कतमध्ये एसीची जाळी साफ करताना कधीकधी तोच वास येतो, आणि मी हातात जाळी घेऊन दोन मिनिटं तसाच स्टुलावर उभा राहतो.

मीरा नऊ वर्षांची आहे. तिकडच्या शाळेत तिला हिंदी आहे, अरबी आहे, मराठी नाही. बाराखडी ओळखीची असते, पण मराठी वाचताना ती परक्याच्या अंगणात आल्यासारखी जपून पाऊल टाकते. या सुट्टीत नातीला वाचायला शिकवायचंच असा आईनं चंग बांधला होता. पुस्तक वगैरे काही नाही, दिसेल ते वाचायचं. बिस्किटाचा पुडा, कालनिर्णयची मागची बाजू, एसटीची पाटी, खताच्या गोणीवरची अक्षरं. त्या सकाळी पडवीभर कागद पसरलेले होते, उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक गोटा. मीरा एकेका कागदापाशी उकिडवी बसून वाचत होती आणि मी ओटीवर चहा पीत होतो. केशरी रेशनकार्डापाशी ती अडली.

"बाबा, म-य-त म्हणजे काय?"

मी उठून गेलो. कार्डाच्या आतल्या पानावर घरातल्या माणसांची यादी, निळ्या बॉलपेननं, कुणा कारकुनाच्या तिरक्या अक्षरात. पहिलं नाव आजीचं, म्हणजे मीराच्या पणजीचं. त्यावर लाल रेघ आणि पुढे 'मयत'. मग आप्पा, मग आई. चौथ्या ओळीत माझी बहीण. लाल रेघ, पुढे 'विवाह'. पाचव्या ओळीत मी. तशीच लाल रेघ, तितकीच जाड, आणि पुढे 'कमी केले'. खालच्या चौकटीत 'एकूण सदस्य' याच्यापुढचा पाचाचा आकडा खोडत खोडत दोनावर आणलेला आणि त्यावर अर्धवट उमटलेला गोल शिक्का. मयत म्हणजे काय ते मी सांगितलं. मीरानं मान डोलावली, बोट खाली सरकवलं आणि म्हणाली, "मग तुझ्यावर पण तीच लाइन आहे. कमी म्हणजे लेस ना? तुला लेस का केलं?"

आई आतून पदराला हात पुसत आली आणि तिनं कार्ड उचललं. "ते काय नाय गो. रेशनवाल्यानं काढलंन." आप्पा पायरीवर विळ्याला धार लावत होते. वर न बघताच म्हणाले, "रेशनवाल्यानं नाय. मी अर्ज दिला." मग कानशीचा आवाज पुन्हा सुरू झाला. आई त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघत होती त्यावरून कळलं, की हा विषय या घरात आधी होऊन गेलाय, बराच होऊन गेलाय, आणि तो माझ्यापर्यंत पोचू नये असं ठरलं होतं. ठरवणारी अर्थातच आई. आप्पा असल्या ठरावांवर सही करत नाहीत.

खरं तर यात लागण्यासारखं काही नव्हतं. झालं होतं ते असं: कार्डावरच्या प्रत्येक माणसानं दुकानात जाऊन यंत्रावर अंगठा द्यायचा, ई-केवायसी करायची, असा फतवा निघाला. आप्पा चार खेपा गेले. एकदा सर्व्हर नव्हता, एकदा वीज नव्हती, दोनदा त्यांचा अंगठाच यंत्राला पटेना. दहा वर्षं गिरणीत आणि चाळीस वर्षं चिखलात काढलेला अंगठा. त्याच्यावर रेषा राहिल्यात कुठं? शेवटी दुसऱ्या बोटावर भागलं. माझा अंगठा मस्कतला. दुकानदार म्हणाला, राहू द्या, मुलगा सुट्टीत येईल तेव्हा बघू. आप्पा म्हणाले, "जो इथं जेवत नाय त्याच्या नावाचं धान्य कशाला?" माणशी महिन्याला ५ किलो. ते ५ किलो मी असताना, नसताना, कित्येक वर्षं घरात येत होते, आणि आप्पांना ते टोचत होतं म्हणे. आता यात सगळं तत्त्वच होतं की थोडा व्यवहारही होता, हे मला अजून सांगता येत नाही. या धान्यासाठी खेड्यात कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ४४ हजारांच्या आत लागतं. परदेशात नोकरी करणारा मुलगा यादीत असला की उद्या कुणीतरी बोट दाखवणार. मुलगा कमी केला की दोन म्हातारी माणसं उरतात आणि हिशेब सरळ होतो. मी दरमहा पाठवतो ते पैसे उत्पन्नात धरायचे का, हा प्रश्न मी आप्पांना विचारला नाही. त्यांनी त्याचंही खरं उत्तर दिलं असतं, म्हणून.

तरी दिवसभर ती रेघ डोळ्यांपुढून हलेना.

मला तरी हे लागायला नको होतं, कारण नाव कमी करणं हे माझं दरवर्षीचं काम आहे. मी मस्कतच्या एका भारतीय शाळेत गणित शिकवतो. एप्रिलमध्ये नवा वर्ग हातात येतो: केरळ, तमिळनाडू, आंध्र, गुजरात, उत्तर प्रदेश, एखादं-दुसरं मराठी आडनाव. जूनपर्यंत नावं तोंडात बसतात, आणि सुट्टीनंतर ऑगस्टमध्ये हजेरी घेताना मध्येच कुठंतरी शांतता होते. बारा नंबर. बारा नंबर? कुणीतरी सांगतं, "सर, ही लेफ्ट." बापाचं कंत्राट संपलेलं असतं, किंवा कंपनी बंद पडलेली असते, किंवा बाप राहतो आणि बायकापोरांना गावी धाडतो, कारण तेवढ्यात भागत नाही. मुलं जाताना काही सांगत नाहीत, त्यांनाच उशिरा कळतं. २०२० च्या उन्हाळ्यात हे सगळं पडद्यावर झालं. पडद्यावर काळ्या चौकोनांत नावं, आणि अडकलेल्या माणसांना मायदेशी नेणारी 'वंदे भारत' मोहिमेची विमानं सुटायला लागली तसे चौकोन एकेक करून विझत गेले. महिनाअखेर ऑफिसातून यादी यायची आणि मी त्या नावांवर टिचकी मारून ती काढून टाकायचो. यंत्र दरवेळी विचारायचं, नक्की काढायचं ना? मी हो म्हणायचो. त्या वेळी कुणाचे आजी-आजोबा कुठल्या गावात काय पेटी उघडून बसले असतील, असं माझ्या मनात एकदाही आलं नाही.

संध्याकाळी पुन्हा पाऊस लागला. दिवे गेले. आप्पा ओटीवर बसलेले, मी शेजारी, कौलांवरच्या आवाजात बोलायचं तर मोठ्यानं बोलावं लागतं आणि मोठ्यानं बोलण्यासारखं आमच्यात फार काही नसतं. बऱ्याच वेळानं तेच म्हणाले, "कार्डाचं मनावर घेतलंस काय?" मी म्हटलं, छे. ते म्हणाले, "कार्ड म्हणजे काय सातबारा हाय? सातबाऱ्यावर तुजं नाव लागंलच की, माज्यामागं." हे त्यांनी समजूत घालायला म्हटलं होतं. मी अंधारात नुसता हुंकार दिला.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला तुकड्यातुकड्यानं माहीत होतं, पण सलग कधी ऐकलं नव्हतं. १९७३ मध्ये, अठरा वर्षांचे असताना, ते मुंबईला गेले तेव्हा आजोबांनी गावच्या कार्डावरून त्यांचं नाव काढलं आणि ते परळच्या खोलीच्या कार्डावर चढलं. साखर आणि रॉकेलसाठी. खोली गावकीची. दहा बाय बाराच्या त्या खोलीत वाडीतली सोळा-सतरा माणसं. तीन पाळ्या होत्या म्हणूनच मावत होती. एक उठून कामावर गेला की त्याच्या ऊब असलेल्या वळकटीवर दुसरा आडवा व्हायचा. भिंतीला खिळे, खिळ्याला पिशव्या, पिशवीवर नाव. जेवण खानावळीत. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आधी सगळ्यांना वाटलं, महिनाभराचा प्रश्न आहे. मग दोन महिने, मग गणपतीपर्यंत, मग शिमग्यापर्यंत. खोलीतल्या पिशव्या एकेक करून खिळ्यावरून उतरायला लागल्या. आप्पा १९८३ च्या पावसाआधी परत आले. परळच्या कार्डावरचं नाव तिथल्या लोकांनी कधीच खोडलं होतं, आणि इथं चढवायला तालुक्याचा दाखला पाहिजे होता. "वरीसभर माजं नाव कुठल्याच कार्डावर नव्हतं," आप्पा म्हणाले, "पण जेवत होतो." इतकं बोलून ते उठले आणि पागोळीखाली ठेवलेली बादली भरली का ते बघायला गेले.

माझ्या पहिल्या दोन वर्षांची, मस्कतच्या वादी कबीर भागातली खोली मला त्या रात्री आठवली. आम्ही चार मास्तर, एक स्वयंपाकघर, फळीवर चौघांचे चार डबे आणि प्रत्येकावर चिकटपट्टी लावून नाव. चिकटपट्टीच्या जागी खिळा ठेवला की परळ.

मी २०१३ मध्ये गेलो. त्याआधी पाच वर्षं इथल्याच एका विनाअनुदानित शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत होतो. विनाअनुदानित म्हणजे काय ते ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको. अनुदान येणार, पुढच्या अधिवेशनात येणार, मूल्यांकन झालं, यादी लागली, यादीत आपली शाळा नाही. तोवर संस्था हातावर ठेवेल ते. शेजारच्या अनुदानित शाळेत शिक्षणसेवक लागलेल्या मित्राला महिना ८ हजार मिळत, तर तो आम्हाला श्रीमंत वाटायचा. २०१२ मध्ये भरतीच बंद झाली. एका जागेसाठी संस्थेनं जो आकडा सांगितला तो ऐकून आप्पा म्हणाले, एवढ्यात मी दोन बैलजोड्या घेईन आणि त्या शिकवतील. मग पेपरातली जाहिरात, मुंबईतल्या एका हॉटेलात मुलाखत, फळ्यावर दहा मिनिटं त्रिकोणाची एकरूपता, आणि तीन महिन्यांनी व्हिसा. एका ओमानी रियालाला दोनशेच्या वर रुपये मिळतात. गावात हा भाव सगळ्यांना पाठ असतो आणि सगळे माझ्या पगाराचा गुणाकार करतात. घरभाडं, मुलीची फी, रजेचं तिकीट यांची वजाबाकी कुणी करत नाही. गणिताच्या मास्तरनं हे किती जणांना समजवावं? मीही सोडून दिलंय. गुणाकार केलेला मी गावाला जास्त आवडतो.

आमच्या सुट्टीचं एक नशीब आहे. तिकडच्या भारतीय शाळा उन्हाळ्यात बंद होतात, आणि तिथला उन्हाळा म्हणजे इथला पावसाळा. जूनच्या सुरुवातीला आम्ही पोचतो तेव्हा झाडावर आंबा नसतो, असला तर पावसाचं पाणी लागून किडलेला. फणस फुटून खाली पडलेले, त्यांच्यावर माश्या. "आठ दिवस आधी यायला हवं होतं," हे वाक्य मी बारा वर्षं ऐकतोय. आणि जुलैअखेर निघतो तेव्हा गणपतीच्या शाळेत नुसते पांढरे गणपती रांगेनं बसलेले असतात, अजून रंग नाही, डोळे नाहीत. २०२५ ची चतुर्थी २७ ऑगस्टला, माझं विमान २९ जुलैला. कोकणातला माणूस आंबा आणि गणपती या दोन खुंट्यांना वर्ष टांगतो. मी बरोबर त्यांच्या मधल्या दोरीवर येऊन लोंबकळतो आणि परत जातो.

पण पाऊस मिळतो. आणि पावसाचं मोल तिकडे गेल्यावरच कळलं. मस्कतजवळ कुरयात नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. तिथं २०१८ च्या जूनमध्ये सबंध चोवीस तासांत पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरलाच नव्हता. रात्रीसुद्धा. म्हणून जून ते सप्टेंबर लोक गाड्या काढून जवळजवळ हजार किलोमीटर वाळवंट तुडवत दक्षिणेला सलालाला जातात, कारण आपल्याकडे येणाऱ्याच वाऱ्यांची शेपटी तिथल्या डोंगरांना चाटून जाते आणि तीन महिने भुरभूर पडते. डोंगर हिरवे होतात, ओहोळ वाहतात. माणसं भिजायला म्हणून रस्त्यात गाडी थांबवून उभी राहतात. या हंगामाला ते खरीफ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो. आमच्याकडचा खरीप म्हणजे पीकविम्याचा अर्ज, युरियाची रांग आणि कमरेचा काटा ढिला करणारी लावणी. शब्द तोच, अरबीतूनच आपल्याकडे आलेला. तिकडे त्याची सहल झाली, इकडे त्याची मजुरी झाली.

लावणीला मी यंदाही उतरलो. पहिल्या दिवशी हौस असते, दुसऱ्या दिवशी लाज राखायची असते. तरवा उपटायचा, मुळांची माती पायावर आपटून झाडायची, मूठ बांधायची, आणि मग चिखलणी केलेल्या खाचरात वाकून चार-चार काड्या अंगठ्यानं दाबत मागं मागं सरकायचं. चिखल गरम असतो हे मी दरवर्षी विसरतो. वरून पाऊस गार आणि घोट्याखाली चिखल कोमट. पायाच्या बोटांमधून एखादी चिंबोरी तिरकी पळते. एका ठिकाणी उगवलेलं रोप उपटून दुसरीकडे लावायचं, तर ते दोन दिवस पिवळं पडतं आणि मग धरतं, अशी एक उपमा माझ्या मनात आकार घेत होती, तेवढ्यात आप्पा बांधावरून ओरडले, "मास्तर, ओळ वाकडी गेली!" शेजारच्या बाया खळखळून हसल्या. उपमा तिथंच चिखलात गेली, ते बरंच झालं.

मीरा मात्र त्या दिवसांत आमच्या जुन्या शाळेत जात होती. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, दोन शिक्षक आणि पट सात. माझ्या वेळी एका पहिलीतच चौदा होतो. २०२३ मध्ये सरकारनं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली, तेव्हापासून इथले गुरुजी रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक लहान पोराकडे आशेनं बघतात. मी भेटायला गेलो तर चहा व्हायच्या आत म्हणाले, "सर, मुलीला इथं घाला. पट आठ होईल." हसून म्हणाले, पण पूर्ण हसून नाही. मग गंमत म्हणून मीरा रोज दोन तास तिथं बसायला लागली. व्हरांड्यात ओळीनं टांगलेले ओले रेनकोट, त्यांचा रबरी वास, खिचडीला फोडणी बसल्याचा वास, आणि फळ्यावर ओल आल्यामुळे न उठणारा खडू. गुरुजी कॅटलॉग उघडून सात नावं घेत, कॅटलॉग मिटत, आणि मग तिच्याकडे बघून आठवं नाव घेत. पहिल्या दिवशी ती "प्रेझेंट सर" म्हणाली तर सातही जण हसले. तिसऱ्या दिवसापासून "हजर" म्हणायला लागली. हा शब्द ती इतका टणकन म्हणायची की बाहेर रस्त्यावर ऐकू यायचा. मी एकदा मुद्दाम रस्त्यावर थांबून ऐकला.

आकड्यांवर मात्र तिची गाडी अडली. २९ ला ती वीस नऊ म्हणाली. गुरुजींनी डोक्याला हात लावला, कारण २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात वीस एक, वीस दोन अशी सोय आली होती आणि त्यावर उभ्या महाराष्ट्रानं विनोद करून घेतले होते. त्या वेळी मी त्या सोयीच्या बाजूचा होतो, अजूनही निम्मा आहे. बावन्न लिहायला सांगितलं की पंचवीस लिहिणारी पोरं मी पाहिलीत. पण रात्री अंथरुणावर मीराला एकोणतीस शिकवताना मलाच त्यातली खुमारी लागली. एकोण म्हणजे एकानं ऊन, एकानं कमी. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस. पुढच्या दशकाच्या उंबऱ्यावर उभं राहून, आत पाऊल टाकायला एक कमी आहे म्हणणारे आकडे. तिला ते पटलं. लगेच म्हणाली, "मग आजीच्या त्या कार्डवर एकोण सदस्य लिहिलंय ना? म्हणजे एक कमी मेंबर?" मी म्हटलं, ते एकूण. एकूण म्हणजे सगळे मिळून. ती म्हणाली, "सेमच दिसतं."

जायचे दिवस जवळ आले तशी वाडीतली माणसं भेटायला येऊ लागली. त्यांतले दोघं वही घेऊन आले. उत्सवाची वर्गणी. वहीत माझं नाव ठळक अक्षरात, खाली रेघ मारून (ही रेघ नावाखाली होती, नावावर नव्हती, हे नोंदवलं पाहिजे) आणि पुढे आकडा त्यांनीच घातलेला. आई म्हणाली, "बघ, या यादीतून तुला कोण कमी करत नाय." मतदारयादीत तर मी आहेच, मागच्या वेळी बघितली तेव्हा आजीसुद्धा होती. पैसे देऊन पावती घेतली. पावती फाडणाऱ्यानं विचारलं, "गणपतीला नाय काय थांबत?" दरवर्षी विचारतात. नाही थांबत, हे त्यांनाही माहीत असतं, पण न विचारता पावती फाडणं बरं दिसत नाही.

आईनं त्या कार्डाचा विषय माझ्याशी एकदाच काढला, तोही कोकमाच्या सालींना मीठ लागलंय का बघताना, पाठमोरी बसून. आप्पांनी अर्ज दिला त्या रात्री ती त्यांच्याशी बोलली नव्हती. दोन दिवस बोलली नव्हती. "मला काय ते पाच किलो नको होते," ती म्हणाली, "पण दुकानात नावं वाचतात ना रे. चार नावं वाचली की चार माणसं वाटतात." मग तिनं एक साल तोंडात टाकली आणि मीठ बरोबर आहे म्हणाली.

निघायच्या आदल्या रात्री ओटीवर बॅगा पसरल्या. रत्नागिरीहून रात्रीची कोकणकन्या पकडायची, मुंबई, मग विमान. एका बॅगेला तीस किलोची मर्यादा. आमच्याकडे एक जुना ताणकाटा आहे, एरवी त्यावर काजू मोजतात. आप्पा तो आढ्याच्या हुकाला अडकवतात, मी बॅग लावतो, आई देवाकडे बघावं तशी काट्याकडे बघते. आमसुलं, फणसपोळी, उकडे तांदूळ, मेतकूट, कुळथाचं पीठ, सांडगी मिरच्या, सुरंगीचा एक सुकलेला गजरा, जो आईनं एप्रिलपासून वहीत ठेवला होता. माझ्या बायकोनं दोनदा सगळं काढून दोनदा भरलं. या सगळ्या गोंधळात आप्पांना पेटी माळ्यावर ठेवायची आठवण झाली, कारण मी गेल्यावर ती वर चढवणार कोण? ते एकेक कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालत होते. रेशनकार्ड हातात घेऊन थांबले. चष्मा लावला. दिव्याखाली गेले.

पाचव्या, रेघ मारलेल्या माझ्या नावाखाली सहाव्या ओळीत पेन्सिलनं लिहिलेलं होतं. शिरोरेघ चढावर निघालेली, अक्षरं तीन आकारांची. मिरा. पुढे तिचं वय, ९, आणि नात्याच्या रकान्यात 'नात'.

"सरकारी कागदावर कुणी लिवलंन हे?" आप्पा म्हणाले. मीरा माझ्या मागे सरकली. "पेन्सिलनं लिहिलंय," ती माझ्या पाठीमागून म्हणाली. आई हातातली पुरचुंडी तशीच धरून उभी राहिली. आप्पांनी हात पुढे केला. "रबर हाय काय तुज्याकडं?" तिनं दप्तरातून तिचं गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या वासाचं खोडरबर आणून दिलं आणि पुन्हा मागे गेली.

आप्पा उकिडवे बसले. कार्ड गुडघ्यावर धरलं, खोडरबराची कड नीट शोधली आणि 'मि'ची पहिली वेलांटी तेवढी खोडली. अंगठ्यानं कागद चाचपून बघितला. मग तिच्याकडूनच पेन्सिल मागून घेतली, टोक जिभेला लावलं आणि दुसरी वेलांटी काढली. फुंकर मारून चुरा उडवला. कार्ड पिशवीत गेलं, पिशवी पेटीत गेली, पेटीला कडी लागली. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले, ताणकाट्यापाशी गेले, मान वर करून बराच वेळ काटा वाचला आणि आईला म्हणाले, "साडेतीस भरतंय. कुळथाचं पीठ अर्धा किलो कमी कर."